विकत घेतलेलें गाणें

नागपुराच्या पूर्व भागांत लकडगंज म्हणून जी वस्ती आहे, तिचें नांवच तिचा धंदा सांगतें. लांकडाच्या वखारी, आरागिरण्या व त्यांच्या आसऱ्यानें राहणारे सुतार यांच्या शेजारांत आमचें आयुष्य गेलें, आणि 'विकत घेणें' या शब्दांचा अर्थही आम्ही तेथेंच शिकलों. चंद्रपूर-गडचिरोलीकडील सागवानाचा ओंडका जंगलांतून निघतो, तेव्हां त्याच्यावर हातोड्याची निशाणी असते, व वाटेंत त्याच्यासाठीं वाहतुकीचा परवाना दाखवावा लागतो. वखारींतले लोक त्याला 'टी.पी.' म्हणतात. परंतु एकदां त्या लांकडाची चौकट होऊन ती घराला बसली, म्हणजे सरकारची निशाणी व व्यापाऱ्याचें बिल दोन्ही मागें राहतात. या दारांतून अमुक इतक्याच वेळां ये-जा करावी, अथवा वखार बंद पडली तर दारानेंही उघडावयाचें थांबावें, असा करार कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. घेतलेली वस्तु आपली. ती वापरावी, मोडावी, मुलाबाळांना द्यावी.

गाण्याच्या बाबतींतही पुष्कळ वर्षें हाच न्याय चालत आला. ध्वनिमुद्रिका घ्या, कॅसेट घ्या कीं सीडी घ्या. दुकानदाराचा व आपला संबंध पैसे मोजतांच संपे. आपल्या घरीं तें गाणें किती वेळां वाजलें व कोणीं ऐकलें, ही विचारपूस करण्याचें साधनच त्याच्याजवळ नव्हतें. पुढें गाणें संगणकांत शिरलें, त्याची हुबेहूब नक्कल कोणालाही फुकट करतां येऊं लागली, आणि विकणाऱ्यांच्या तोंडचें पाणी पळालें. तेव्हां त्यांनीं गाण्याला कुलूप घातलें. २००३ च्या एप्रिलांत अ‍ॅपल कंपनीनें अमेरिकेंत आयट्यून्स नांवाचें गाण्यांचें दुकान उघडलें; तेथें घरबसल्या एक गाणें ९९ सेंटांना मिळे. परंतु तें संकेतलिपींत गुंडाळलेलें असे, आणि खरेदीदाराच्या नांवावर नोंदलेल्या संगणकांवरच उलगडे. असे संगणक आरंभीं तीन व पुढें पांच ठेवण्याची मुभा होती. म्हणजे ओंडक्यावरची निशाणी येथें चौकटीवरही कायम राहिली, व परवाना विचारणारा नाक्यावरचा शिपाई घरांत येऊन बसला.

या शिपायाला टाळण्याची एक खिडकी मात्र खुद्द दुकानदारानेंच उघडी ठेवली होती. विकत घेतलेलीं गाणीं कोऱ्या सीडीवर उतरवून घेण्यास परवानगी होती. गाण्यांची एकच यादी आरंभीं दहा वेळां व २००४ पासून सात वेळां उतरवतां येई. यादी बदलली कीं मोजणी पुन्हां एकपासून! आणि अशा सीडीवर कुलूप नसे. हें दुकानदाराचें औदार्य म्हणण्यापेक्षां सीडीचा स्वभाव म्हणणें योग्य होईल. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनीं १९८० सालीं ऑडिओ सीडीचे नियम ठरविले. आवाजाचें माप सेकंदाला ४४,१०० वेळां घ्यावें व प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत लिहावें, असें त्यांत सांगितलें. परंतु आवाजाला संकेतलिपींत गुंडाळण्याची सोय त्यांत केली नाहीं. सीडी वाजविणारें साधें यंत्र गिऱ्हाइकाचा परवाना कोणाला विचारणार? सबब, त्याला कळेल असें गाणें लिहावयाचें तर आधीं कुलूप काढणें भागच पडे. इंग्रजींत या क्रियेला 'जाळणें' म्हणतात, कारण लेसर किरणाच्या उष्णतेनें तबकडीच्या रंगाच्या थरांत खुणा उमटतात. आमच्याकडचे दुकानदार 'सीडी राइट करून देतों' असें म्हणत. आम्हांस आमच्या दुकानदारांचा शब्द अधिक आवडतो. जळलेली वस्तु नाहींशी होते, लिहिलेली राहते.

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्वजण दादा म्हणत, उतारवयांत मुलाकडे अमेरिकेंत राहावयास गेले. सागवानाच्या हिशेबांत जन्म घालविलेला हा माणूस तेथें अशाच एका दुकानांतून गाणीं घेऊं लागला, आणि नागपुरास येतांना प्रत्येक खेपेस चार-सहा सीडी आणूं लागला. तबकडीवर गाण्यांचीं नांवें आपोआप उमटत नसत; म्हणून दादा प्रत्येकीवर आपल्या वहीखात्याच्या वळणदार अक्षरांत गायकाचें नांव, राग व तारीख लिहून ठेवीत. मूळ गाणीं त्यांनीं एकदां आमच्या संगणकांत घालून पाहिलीं, तेव्हां त्यानें त्यांचें नांव व पासवर्ड विचारला. दादा हंसून म्हणाले, "पैसे मीच दिले, आणि ओळखही मीच पटवायची!" २०११ सालीं दादा गेले. त्यांचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता, आणि असल्या करारांत खातें वारसाच्या नांवावर करण्याची सोय बहुधा नसते. संगणकांतलीं गाणीं मुकीं झालीं. लकडगंजच्या कपाटांतल्या सीडी वाजत राहिल्या. वस्तु आपली आहे कीं नाहीं याची खरी परीक्षा, ती आपल्यामागें कोणाला देतां येते कीं नाहीं, हीच होय, असें तेव्हांपासून आमचें मत झालें आहे.

हें संकट केवळ मेलेल्या गिऱ्हाइकाच्याच वांट्याला येतें असें नाहीं. दुकान मेलें तरी तेंच घडतें. मायक्रोसॉफ्टनें २००८ सालीं आपल्या एमएसएन म्यूझिक या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांस कळविलें कीं, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकास परवाने मिळणार नाहींत. ओरड झाल्यावर ती मुदत २०११ अखेरपर्यंत वाढविली. त्याच वर्षीं 'याहू' व 'वॉलमार्ट' या कंपन्यांनींही परवाने देणारीं यंत्रें थांबविण्याच्या नोटिसा काढल्या. त्यांनीं गिऱ्हाइकांस दिलेला सल्ला मोठा बोलका होता: गाणीं वेळींच सीडीवर उतरवून ठेवा! ज्यांनीं कुलूप घातलें, त्यांनींच दुकान मोडतांना खिडकीकडे बोट दाखविलें. अ‍ॅपलनें २००९ मध्यें गाण्यांवरील कुलूप काढून टाकलें. त्यामुळें २०१२ च्या डिसेंबरांत तिचें दुकान भारतांत उघडलें, तेव्हां येथल्या गिऱ्हाइकाला तें पाहावेंच लागलें नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, गाण्याची नक्कल मोकळी सोडल्यास गाणाऱ्यानें खावें काय? प्रश्न रास्त आहे, आणि चोरट्या सीडींनीं कलावंतांचें नुकसान केलें हेंही आम्ही जाणतों. परंतु आमच्या कायद्यानें हा तोल बऱ्या रीतीनें सांभाळला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं कलम ६५-अ घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप चुकविणाऱ्यास त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण कायद्यानें स्पष्टपणें मना न केलेल्या कामास त्याची आडकाठी नाहीं, असेंही तेथेंच म्हटलें आहे. खासगी उपयोगापुरता रास्त व्यवहार कलम ५२ मान्य करतें. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनीं संपतो. कुलपाला पंचांग कळत नाहीं. चोर आणि वारस यांत कायदा फरक करूं शकतो. कुलपाला तो करतां येत नाहीं.

सीडी म्हणजे ताम्रपट आहे असें मात्र कोणीं समजूं नये. दुकानांतून आलेलें गाणें आधींच आंवळून लहान केलेलें असे, व त्यांत गेलेला बारकावा सीडीवर लिहिल्यानें परत येत नाहीं. तिच्यावरून तें संगणकांत घेऊन पुन्हां आंवळलें तर आणखी कांहीं जातें. न आंवळतां ठेवावें तर मिनिटाला सुमारें दहा मेगाबाइट जागा लागते. रंगाच्या थराला ऊन सोसत नाहीं, आणि नागपूरचा मे महिना कोणाची गय करीत नाहीं. म्हणून आम्ही दादांच्या सीडी काळोख्या कपाटांत ठेवतों, व त्यांतलीं गाणीं न आंवळतां दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवून घेतलीं आहेत. जी वस्तु आपली असते, तिची निगाही आपल्यालाच राखावी लागते.

आज गाणें विकत घेणेंच मागें पडलें आहे. महिन्याचे पैसे भरावे, लाखों गाणीं ऐकावीं, व पैसे थांबतांच रिकाम्या हातानें उठावें, अशी रीत आहे. गाणें फोनमध्यें साठवितां येतें, पण सीडीवर उतरवितां येत नाहीं. कंपन्यांचा आपसांतला करार संपला तर आवडतें गाणें एका सकाळीं यादींतून गेलेलें असतें. या सोयीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आम्हीही ती वापरतों. भाड्याच्या घरांतही माणसें सुखानें राहतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भाड्याला भाडें म्हणावें. आणि जेथें 'विकत घ्या' असें लिहिलेलें असेल, तेथें पैसे मोजण्यापूर्वीं, हें गाणें माझ्यामागें माझ्या मुलाला वाजवितां येईल काय, एवढें विचारून घ्यावें. उत्तर 'नाहीं' असेल, तर भाडें खुशाल द्यावें. किंमत देऊं नये.