चाळिशीतली लुटुपुटूची लढाई

आज जिना उतरताना कठडा धरावा लागला, इतकं अंग आंबलंय. चाळिशी उलटल्यावर जपानमधल्या चिबाच्या जंगलात खेळण्यातली बंदूक घेऊन रांगायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार!

एअरसॉफ्ट नावाच्या या लुटुपुटूच्या लढाईचा जन्म जपानातलाच, सत्तरच्या दशकातला. सामान्य माणसाला इथे खरी बंदूक मिळणं महाकठीण, म्हणून हौसेला ही खेळण्यातली. गोळी प्लॅस्टिकची, ६ मिलिमीटरची, आणि ऊर्जा ०.९८ ज्यूलपेक्षा जास्त नको असा कायदा. सकाळी बंदुका झाडून गोळीचा वेग मोजतात, मग संघ ओळखायला दंडाला लाल नाहीतर पिवळी पट्टी. घामाने काच धुरकटली तरी मैदानात गॉगल काढायचा नाही म्हणजे नाही.

पण मला जिंकलं ते वेगळ्याच गोष्टीने. पेंटबॉलसारखा इथे अंगावर रंग उमटत नाही. गोळी लागल्याचं ज्याचं त्याला ठाऊक. त्याने आपणहून ‘हिट!’ असं ओरडायचं, हात वर करायचा आणि मुकाट बाहेर पडायचं. काल बांबूंच्या आड दबून बसलो होतो. बाहीवर टिचकी बसली. कुणी पाहिलं नव्हतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण ओरडलो. बाद दिलं की बॅट काखेत मारून घरी निघणाऱ्या आम्हा गल्ली क्रिकेटवाल्यांना हे पचायला जडच!

दुपारी त्याच ‘शत्रूं’शेजारी बसून करी-राइस हाणला.

कुणाला यायचं असेल तर बंदूक विकत घेऊ नका, मैदानावर भाड्याने मिळते. पैसे घालायचेच तर चांगल्या गॉगलवर आणि घोटा झाकणाऱ्या बुटांवर घाला.