घोटभर सत्य

दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील द्वारका उपनगरात एका रविवारी संध्याकाळी एक निवृत्त मराठी गृहस्थ नातीला घेऊन बाजारात गेले होते. तेथे एका खाद्यपदार्थ कंपनीने चवचाचणीचा मांडव घातला होता. दोन बशांत बटाट्याचे तळलेले काप, नावे झाकलेली, समोर कॅमेरा. गृहस्थांनी दोन्ही चाखून सांगितले, की दोन्ही फार खारट आहेत. मांडवातल्या तरुणाने हसून पुन्हा विचारले, की त्यांतले बरे कोणते? त्यांनी डावीकडच्या बशीकडे बोट दाखवले. टिपून घेतले गेले ते एवढेच. परतताना नातीने विचारले, "आबा, तुमचं पहिलं उत्तर चुकलं होतं का?"

या बालसुलभ प्रश्नात चवचाचणीच्या जाहिरातीचे सारे मर्म सामावले आहे. अशा चाचणीत सहसा कोणी खोटे बोलत नाही. फसवणूक दडलेली असते ती प्रश्नाच्या बांधणीत आणि उत्तरांच्या निवडीत. १९७५ साली पेप्सीने अमेरिकेत नावे झाकून दोन पेयांचे घोट लोकांना देण्यास आरंभ केला. पुष्कळांनी पेप्सीला कौल दिला. पेल्यांवर 'एम' आणि 'क्यू' ही अक्षरे होती. लोक चवीला नव्हे, 'एम' या अक्षराला पसंती देतात, असा आक्षेप कोका-कोलाने घेतला. वाद हास्यास्पद वाटला, तरी निवड किती क्षुल्लक गोष्टीने कलू शकते, याची कबुलीच त्यात होती. शिवाय एका घोटात अधिक गोड पेय जिंकते. बाटली संपेपर्यंत तोच गोडवा नकोसा होऊ शकतो. सुमारे २ लाख लोकांच्या चाचण्यांवर विसंबून कोका-कोलाने एप्रिल १९८५ मध्ये आपली चव बदलली आणि लोकक्षोभामुळे जुलैमध्ये जुने पेय परत आणले. घोटाने दिलेली साक्ष खरी होती. पण ती घोटापुरतीच होती.

पुढे तर प्रेक्षकाचे आश्चर्यच विक्रीस निघाले. पिझ्झा हटच्या २००८ च्या अमेरिकी जाहिरातीत उंची उपाहारगृहात जेवणाऱ्यांना शेवटी सांगितले जाते, की हा पास्ता पिझ्झा हटचा आहे. त्यांची स्तुती खोटी नसेलही; परंतु तिच्यात दिव्यांचा मंद उजेड, शुभ्र मेजवस्त्र आणि वाढप्याची अदब किती, हे कोण वेगळे काढणार? ज्यांनी नाके मुरडली असतील, त्यांना पडद्यावर स्थान नसते.

भारतात जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील शिफारस हे त्या व्यक्तीचे प्रामाणिक मत असले पाहिजे. हे योग्यच आहे. मात्र प्रामाणिक मतांतून सोयीची तेवढी वेचली, तर प्रामाणिकपणाच फसवणुकीचे साधन होतो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर परीक्षणातले एखादे गौरवाचे वाक्य उचलून छापले जाते, तेथेही हेच घडते.

भरताने नाट्यशास्त्रात रसाची कल्पना उलगडताना जेवणाचाच दृष्टांत घेतला. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न प्रसन्न मनाने सेवन करणाऱ्यालाच रस गवसतो, असे त्याचे प्रतिपादन. आस्वादाला अवधी लागतो आणि नकाराचे स्वातंत्र्यही लागते. 'दोन्ही नकोत' असे म्हणण्याची मुभा जेथे नाही, तेथे अभिरुचीची परीक्षा होत नाही; तिचा केवळ वापर होतो.

नातीला द्यायचे उत्तर साधे आहे. आबांचे पहिले उत्तर चुकले नव्हते. त्यांच्या जिभेचे खरे मत तेच होते; मांडवात मात्र त्याला गिऱ्हाईक नव्हते.