अर्धें घर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला, व त्याचा निकाल आम्हीं चुकीचा दिला.

मुलें माजघरांतील टेबलावर चौकटींचा कागद पसरून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ इ. स. १९७४ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें एक पात्र व्हावयाचें, सूत्रधारानें प्रसंग सांगावयाचा, आणि यशापयश फाशांनीं ठरवावयाचें. त्या दिवशीं आमच्या नातवाच्या मांत्रिकानें शत्रूंच्या घोळक्यावर ‘फायरबॉल’ म्हणजे अग्निगोल टाकला. धाकट्या बंधूंच्या नातीचें पात्र, एक चपळ हेर, त्या घोळक्याच्या कडेस उभें होतें.

नियम असा कीं, केंद्रापासून २० फुटांच्या गोलांतील प्रत्येक प्राण्यास आठ फाशांच्या बेरजेइतकी इजा व्हावी. अंग चुकविणें साधल्यास निम्मी. कागदावरील एक घर ५ फुटांचें, आणि गोलाचें केंद्र चार घरें जेथें मिळतात त्या कोपऱ्यावर. हेर तेथून आडव्या तिसऱ्या व उभ्या चौथ्या घरांत. त्या घराचा जवळचा कोपरा केंद्रापासून १८ फुटांवर. परंतु घराचा जेमतेम सहावा हिस्सा वर्तुळांत येत होता. मग ती जळाली कीं वांचली?

“आजोबा, तुम्ही आयुष्यभर वकिली केलीत, तुम्हीच सांगा,” असें म्हणून सूत्रधारानें कागद आमच्यापुढें सरकविला. आम्हीं पेन्सिलीस दोरा बांधून वर्तुळ काढलें, कोपरा आंत दिसला, आणि “सांपडली” म्हणून मोकळे झालों. हेर कोसळली, पुढचे तीन फांसेही उलटे पडले. दोन वर्षें जपलेलें पात्र मेलें. पोरीनें आपला कागद घडी करून ठेवला, आणि रात्रीं पानावर ती कोणाशीं बोलली नाहीं. बंधूही गप्पच. फेंकणारा आमचा सख्खा नातू, हें कोणास सांगावयास नकोच होतें. दोरा ताणतांना आमची नजर त्याच्या तोंडाकडे गेली होती काय? गेली असावी.

झोंप येईना, म्हणून पुस्तकें काढलीं. इ. स. १९७८ च्या जुन्या नियमांत हा अग्नि जागेप्रमाणें आकार घेई व सुमारें ३३,००० घनफूट जागा भरून काढी. म्हणजे दहा फूट रुंद व तितक्याच उंच भुयारांत तो ३३० फूट धांवणार! फेंकणाराच भाजावयाचा. मुलें खेळतात ती इ. स. २०१४ ची आवृत्ति. तींत सूत्रधाराच्या ग्रंथांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, वर्तुळानें घराचा निदान अर्धा भाग व्यापला तरच तें घर बाधित समजावें. आम्हीं तो ग्रंथ उघडलाच नव्हता! उभ्या वकिलींत असें कधीं केलें नव्हतें.

सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं सर्वांसमक्ष निकाल फिरविला. नातू हटेना. “सामान्य नियमाहून विशेष नियम बलवत्तर, हें याच पुस्तकांत आहे. मंत्रांत ‘प्रत्येक प्राणी’ म्हटलें आहे!” मुद्दा चांगला होता, आम्हांस मनांतून बरेंही वाटलें. परंतु विशेष बलवत्तर ठरतो तो दोहोंत विरोध असेल तेव्हां. मंत्र घरांविषयीं मुकाच आहे. प्राणी गोलांत आहे कीं नाहीं हें कागदावर कसें ओळखावें, एवढेंच दुसरा नियम सांगतो. नातू पुष्कळ वेळ चहा ढवळीत राहिला, मग म्हणाला, “मग ती मेली नाहीं.”

सूत्रधार हेर परत आणावयास तयार होता. पोर म्हणाली, “नको. आतां नवीन केली आहे. पण जुन्या कागदावर लिहा, ती जळाली नव्हती म्हणून.” आम्हीं तसें लिहून खालीं सही केली.

संध्याकाळीं पुन्हां डाव मांडला गेला. दोरा मात्र तिनें आमच्या हातीं दिला नाहीं. आपल्याच बोटाला गुंडाळून ठेवला.