मुंजा, हिममानव आणि आसरा

आमच्या खडकवासल्याच्या मुलांना भुतांची टंचाई नाही. पिंपळावर मुंजा, रानात चकवा, धरणाच्या पाण्यात साती आसरा! शनिवारवाड्याला सहल न्यावी, तर दिल्ली दरवाजातच प्रश्न येतो, "बाई, रात्री 'काका, मला वाचवा' ऐकू येतं ना?" ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते. मला तर ही खरी गोष्टच भुतापेक्षा जास्त चटका लावते.

एकदा मात्र हा विषय गमतीचा राहिला नाही. चौथीतली एक हुशार मुलगी शाळेत येईना. वाटेवरच्या पडक्या घरात पांढऱ्या तोंडाची हडळ किंचाळते, असं तिचं म्हणणं. घरचे म्हणाले, "राहू दे थोडे दिवस घरीच." थोड्या दिवसांचे तीन आठवडे झाले. मुलींचे असे 'थोडे दिवस' कधी कधी संपतच नाहीत, म्हणून मला धास्ती वाटली.

एका संध्याकाळी ती, तिचे बाबा आणि मी बॅटरी घेऊन तिथे गेलो. कोनाड्याखाली करडे गोळे पडले होते. काडीने एक फोडला, तर आत उंदराचे केस आणि इवलीशी कवटी! घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेली हाडं, केस असे गोळा करून ओकून टाकतं. अंधार पडला, तशी एक कर्कश किंकाळी आली. बॅटरीच्या उजेडात दिसलं पत्त्यांतल्या बदामासारखं पांढरं तोंड. गव्हाणी घुबड! याच्या पिसांच्या कडा इतक्या मऊ, की उडताना चाहूलही लागत नाही. "एवढंसंच?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती काडेपेटीत कवटी घेऊनच.

मग काय, वर्गात हिममानव निघाला. "बाई, यती तरी खरा आहे. लष्करानंच फोटो टाकलेत!" बरोबर. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने मकालू शिखराच्या तळाजवळचे ३२ इंच लांब, १५ इंच रुंद ठसे प्रसिद्ध केले होते. एवढा पाय कुणाचा? मी एका मुलाला ओल्या मातीत हातापायांवर चालायला लावलं. अट एकच, हाताच्या ठशावर पाय पडला पाहिजे. असा काही लांबलचक पंजा उमटला, की सगळे ओरडले, "यती!" अस्वलाचा मागचा पायही पुष्कळदा पुढच्याच्या ठशावर पडतो, त्यात उन्हाने बर्फ वितळलं की ठसा आणखी पसरतो. एडमंड हिलरी १९६०-६१ मध्ये यतीच्या शोधात गेले होते. खुमजुंगच्या मठातलं यतीच्या डोक्याचं म्हणून जपलेलं कातडं तपासलं, तर ते सेरो नावाच्या, बकरीसारख्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याचं निघालं. २०१७ मध्ये यतीचे समजले जाणारे केस, हाडं वगैरे ९ नमुन्यांची डीएनए तपासणी जाहीर झाली. ८ अस्वलांचे, १ कुत्र्याचा! कुत्र्याचं ऐकून वर्ग किती तरी वेळ हसत होता.

मे २००१ मधल्या दिल्लीच्या 'मंकी मॅन'चं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. तो माकडमाणूस कुणाच्या हाती लागलाच नाही, पण त्याच्या भीतीने पळताना, गच्चीवरून पडून माणसं दगावली.

राहिल्या आसरा. इथे मी जरा जपून बोलते. एक आजी मला म्हणाल्या, "असू द्या की भीती! पोरं पाण्यापासून लांब तरी राहतात." आजींचं खोटं नाही. पण सातवी-आठवीत गेल्यावर आसरांवरचा विश्वास उडतो, आणि मग हीच मुलं बिनधास्त पाण्यात उतरतात. गाळ तर तिथेच असतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पालकांना सोबत घेऊन आम्ही धरणाच्या काठी गेलो. कोरड्यावर उभं राहून पुढच्या चिखलात बांबू दाबला. वरून घट्ट दिसणाऱ्या त्या चिखलात तो माझ्या कंबरेइतका आत गेला. आजी आल्याच होत्या. त्यांनी बांबू हातात घेतला, आणखी दोन ठिकाणी दाबून पाहिला आणि मग नातवाला जवळ बोलावलं.