संकष्टीचा चंद्र आणि डोंगराची उंची

सहावी ते आठवीच्या मुलांना चंद्राची ओळख करून द्यायची म्हणजे काय मोठं काम, असं कुणालाही वाटेल. मुलांना सगळं आधीच माहीत असतं हो! "चांद्रयान-३ कधी उतरलं?" म्हणायचा अवकाश, की निम्मा वर्ग हात वर करून ओरडतो. २३ ऑगस्ट २०२३! संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं! विक्रम! प्रज्ञान! एकाने तर प्रज्ञानचं वजनही सांगितलं, २६ किलो.

मग मी विचारलं, "बरं, आज चंद्र कुठे आहे?"

शांतता. शेवटी मागून एक बारीक आवाज आला, "रात्री येतो तो."

शनिवार होता, सकाळची शाळा. वद्य अष्टमी. सगळ्यांना मैदानात नेलं आणि पश्चिमेकडे कलायला लागलेला अर्धा चंद्र दाखवला. लख्ख उन्हात, पांढरा, जरासा पुसल्यासारखा. "दिवसा चंद्र?" म्हणून जो गलका झाला, तो चांद्रयानाच्या नावानेही झाला नव्हता. महिन्यातले निम्मे दिवस हा असा उन्हात डोक्यावर असतो आणि आपण मान वर करत नाही. मोठी माणसंही करत नाहीत, ते सोडा.

गेल्या वर्षीपासून मी आमच्या गावच्या शाळेत (सातारा जिल्हा, नाव मुद्दामच लिहीत नाही) शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर असं काहीबाही करते. नोकरी सोडून गावी आल्यावर रिकामटेकडेपणाला हा उतारा बरा आहे, असं आमच्या ताईचं मत :-)

आधी अंतराचा खेळ घेतला. व्हॉलीबॉल म्हणजे पृथ्वी, एक मोठंसं लिंबू म्हणजे चंद्र. लिंबू कुठे ठेवायचं? कुणी वीतभर लांब ठेवलं, कुणी हातभर. पुस्तकातल्या चित्रात तसंच असतं ना! चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. व्हॉलीबॉलच्या हिशेबाने सहा मीटरच्या थोडं पुढे. लिंबू धरलेली मुलगी मागे सरकत सरकत पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. आणि अंतराळस्थानक? ते ४०० किलोमीटरवर. म्हणजे चेंडूपासून जेमतेम साडेसहा मिलिमीटर. मुलं चेंडूला नाक लावून ते अंतर बघत होती.

मग रोव्हरचा खेळ. डोळे बांधलेला एक मुलगा म्हणजे रोव्हर, आणि हुकूम देणाऱ्याने तोंड उघडल्यावर दीड सेकंद थांबूनच त्याने हलायचं. संदेशाला तिथे पोचायला साधारण १.३ सेकंद लागतात, परत यायला तेवढेच. रोव्हर दुसऱ्या मिनिटाला नळावर आदळला. विक्रमला उतरताना बंगळूरहून कुणी हाकत का बसलं नव्हतं, हे मग सांगावं लागलं नाही. "तोपर्यंत आपटला असता की!" २०१९ साली, ७ सप्टेंबरला, चांद्रयान-२ चा विक्रम खरंच आपटला होता, हेही तेव्हाच सांगितलं. त्याचं ऑर्बिटर मात्र फिरत राहिलं.

इथवर सगळं छान. मग सातवीतली एक मुलगी यायची बंद झाली. दोन शनिवार आली नाही. गणितात पहिली, प्रश्न विचारून भंडावणारी. मैत्रिणीने सांगितलं, तिने घरी जाऊन आजीला ऐकवलं होतं, "चंद्र देव नाही, नुसता दगड आहे, त्याच्यासाठी कशाला उपाशी राहतेस?" आजीची पन्नासेक वर्षांची संकष्टी! घरात भांडण, आणि आईचा निकाल: असलं शिकायला थांबायचं नाही.

दगड हा शब्द माझ्या तोंडचा नव्हता, पण मुलं घरी काय नेतील ते आपल्या हातात थोडंच असतं. माझी चिंता वेगळी होती. तिच्या डोक्यात आता विज्ञान आणि आजी यांतलं एक निवडायचं, असं बसलं असतं तर? बारा वर्षांच्या मुलीने अशी निवड करायची वेळ येऊच नये. कारण बहुतेक घरांत त्यात मुलीची शाळाच हरते.

तेव्हा ताक प्यायच्या निमित्ताने तिच्याकडे गेले. आजीशीच बोलत बसले. म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं उपास सोडताय, चंद्र छापल्या वेळेला दिसतो का हो? आजी हसल्या. "छे! पंचांगातली वेळ झाली तरी आपल्याकडे ताटं वाढून बसायचं नाही. डोंगरामागनं येतो तो. कधी अर्धा तास, कधी कमी." आणि मग नातीकडे बघून, "दगड असू दे गं. पण चुकत नाही ना कधी?"

मी तिथेच त्या मुलीला काम दिलं. दर संकष्टीला कालनिर्णयमधली वेळ लिहायची, आणि आजीला चंद्र दिसला ती वेळ लिहायची. छापील वेळ पुण्याची, पण आपण पुण्यापासून फार पूर्व-पश्चिम नाही, तेवढ्याने एखाद-दोन मिनिटांचाच फरक पडतो. बाकीचा सगळा उशीर डोंगराचा.

पहिल्या महिन्यात २८ मिनिटं निघाली. उगवल्यावर चंद्र आपल्याकडे तासाला साधारण चौदा अंश वर चढतो, म्हणजे डोंगर सहा-साडेसहा अंश उंच दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. पोरं मुठी धरून अंगणात उभी राहिली. डोंगर अर्ध्या मुठीपेक्षा थोडा जास्त! पुढच्या महिन्यात मात्र १९ मिनिटंच आली. "आजीचं घड्याळ चुकलं," एकजण म्हणाला. आजींनीच त्याला गप्प केलं: चंद्र दर खेपेला एकाच जागेवरून कुठे येतो? कधी देवळाच्या बाजूने, कधी खिंडीतून. खिंडीतून आला की लवकर दिसणारच. आता मुलगी वहीत जागाही लिहिते, आणि शनिवारी परत थांबते.

ही वही मला आणखी एका ठिकाणी उपयोगी पडली. आठवीतला एकजण मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन आला, माणूस चंद्रावर गेलाच नव्हता म्हणे. मी रागावले नाही. म्हटलं, डोंगराची उंची आपण कशी काढली? न चढता. तसंच हे. अपोलोच्या माणसांनी ३८२ किलो दगडमाती आणली, ती जगभरच्या प्रयोगशाळांत तपासली गेली. १९६९ आणि १९७१ मध्ये त्यांनी तिथे आरसे ठेवले. आजही इथून लेझर सोडला की अडीच सेकंदांत उजेड परत येतो, आणि त्यावरूनच कळलं की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने लांब जातोय. त्याचं पूर्ण समाधान झालं असं वाटलं नाही. आरसे यंत्रानेही ठेवता येतील, म्हणाला. रशियाच्या यंत्रांनी तसे ठेवलेही आहेत, हे मी त्याला सांगितलं. विचार करतोय, करू दे.

परवाच्या संकष्टीला अंगणात सगळे चंद्राची वाट बघत बसले होते, तेव्हा त्या मुलीने विचारलं, विक्रम उतरला तिथून पृथ्वी किती वाजता उगवते? म्हटलं, उगवतच नाही. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, त्यामुळे तिथून पृथ्वी क्षितिजाच्या थोडी वर, जवळपास एकाच जागी टांगल्यासारखी दिसते. कला मात्र होतात, अगदी अमावास्या-पौर्णिमेसकट.

आजी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "मग तिथल्या बाईने उपास सोडायचा कधी?"

यावर मुलांमध्ये अजून वाद चालू आहे.