भाज्याला जा, थोडा अंधारही घेऊन या!

पावसाळा सरला की ऑफिसच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘या रविवारी कुठे?’ त्यात कुणी नवा कॅमेरा घेतलेला असला, की लगेच पुरवणी, ‘फोटो भारी आले पाहिजेत हं!’ अशा मंडळींसाठी एक सोप्पा पत्ता. पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. मुंबईकरांनी लोणावळ्याहून हीच लोकल उलट दिशेने घ्यायची, पहिलंच स्टेशन. तिथून एक्स्प्रेस-वे ओलांडून चालत निघालं की भाजे गाव लागतं आणि गावाच्या डोक्यावर, पायऱ्या चढून गेलं की, भाज्याची लेणी. एचडीआर फोटोग्राफी शिकायची असेल, तर याहून चांगला मास्तर शोधून सापडायचा नाही.

का, ते चैत्यगृहात शिरल्यावर कळतं. इथल्या २२ लेण्यांमधलं हे सगळ्यात देखणं. काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाचा. दर्शनी बाजूचं लाकूडकाम केव्हाच नाहीसं झालंय, त्यामुळे समोरची कमान सताड उघडी. आत २७ अष्टकोनी खांब, तेही किंचित आत झुकलेले, कारण कारागिरांनी लाकडी इमारतीची रीतच दगडात उतरवली. आणि वर पाहा, छताला खऱ्याखुऱ्या लाकडाच्या कमानी आहेत. सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या!

आता स्तूपाजवळ उभे राहा आणि बाहेर बघा. आभाळ दिसतं, झाडं दिसतात, वरचं लाकूडही दिसतं. मग क्लिक करा. एकतर आभाळ पांढरंफटक, नाहीतर लेणं कोळशासारखं काळं. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आपली नजर फिरत असते, उजेडात गेली की आवरते, अंधारात गेली की सैलावते आणि मेंदू हे सगळे तुकडे जोडून एक चित्र करतो. कॅमेऱ्याला मात्र एकाच एक्स्पोजरमध्ये सगळं सांभाळायचं असतं.

एचडीआर म्हणजे ही तुकडेजोड आपण हातानं करायची. एक फोटो आभाळासाठी, एक मधला, एक अंधारासाठी. कल्पना काही आजची नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी निगेटिव्ह जोडून चित्रं केली होती. तुम्हाला तर डार्करूमही नको!

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा म्हणजे तिन्ही फोटोंत फोकसची खोली सारखी राहील. एफ/५.६ किंवा एफ/८ पुरे. आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून तिथेच थांबवा, फोकसही लॉक करा. फाइल रॉ. मग मेन्यूत ‘ब्रॅकेटिंग’ शोधा आणि वजा दोन, शून्य, अधिक दोन असं लावा. दोन स्टॉप म्हणजे चौपट प्रकाश. मधला फोटो १/६० सेकंदाचा असेल, तर आभाळाचा साधारण १/२५० चा आणि अंधाराचा १/१५ चा होईल. कंटिन्युअस मोडवर बटण दाबून धरलं की तिन्ही पटापट निघतात.

ट्रायपॉड घेऊन आलात? थांबा जरा. हे संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नसेल तर कोपरं अंगाशी घट्ट, श्वास रोखून क्लिक. १/१५ ला हात हलतोय असं वाटलं, तर आयएसओ ४०० किंवा ८०० करा. थोडे दाणे चालतात, हललेला फोटो नाही. तीन फोटोंत बारीकसा फरक पडला तर सॉफ्टवेअर जुळवून घेतं. पण मधूनच कुणी चालत गेलं, तर त्याचं भूत उमटतं. सहलीतली पोरं कमानीखालून धावत असतील तर त्यांना जाऊ द्या, मग क्लिक करा.

घरी आल्यावर लाइटरूम किंवा फोटोमॅटिक्समध्ये तिन्ही फोटो एकत्र करा. खरी परीक्षा इथे आहे. तुमच्या हाती स्लायडर असतात आणि हात शिवशिवतो. सावल्या उचल, डिटेल वाढव, रंग चढव! २००० नंतरच्या दशकात याच मोहापायी एचडीआर बदनाम झालं. आभाळ जांभळं, दगड प्लॅस्टिकचा, कडांभोवती पांढरी प्रभा. सगळीकडे सारखाच उजेड, जणू लेण्यात कुणी ट्यूबलाइट लावलीय.

पण भाज्याचं चैत्यगृह तसं नाहीच मुळी. खांबांमागची प्रदक्षिणेची वाट काळोखीच आहे आणि तिच्यामुळेच समोरचा उजेड एवढा मोठा वाटतो. तो काळोख पुसलात, तर फोटोत सगळं दिसेल, फक्त लेणं दिसणार नाही. म्हणून एक साधा नियम. स्तूपावर उजेड कुठून येतोय ते फोटोत कळलं पाहिजे. कळत नसेल, तर स्लायडर मागे घ्या.

‘अहो, पण फोन हे आपोआप करतो की!’ करतो ना. आयफोनमध्ये एचडीआर २०१० मध्येच आलं आणि आजचे फोन तर न सांगता अनेक फ्रेम जोडतात. झटपट आठवणीसाठी ते झकासच. पण कुठे किती अंधार ठेवायचा हे तिथे फोन ठरवतो, आणि तो काही तुमच्याबरोबर आत उभा नव्हता. तीन क्लिक स्वतः करायची मजा हीच. निर्णय तुमचा.

लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी गेलात तर आत सावली आणि बाहेर लख्ख उजेड, म्हणजे ब्रॅकेटिंगचा सराव करायला आदर्श. दुपार कलली की ऊन थेट चैत्यगृहात शिरतं आणि मग कदाचित एकच फोटो पुरतो. दोन्ही वेळा गाठा, मधल्या वेळात डबा उघडा. आणि कॅमेरा बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं नुसते आत बसा. डोळे सरावले की काळोखात काय काय आहे ते दिसू लागतं. फोटोत किती ठेवायचं, ते तेव्हाच ठरवा.