चोवीस सेकंद

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांच्या लेथशेजारी मी वाढलो. नोकरीसाठी अमेरिकेत आलो आणि युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात अडकलो तो अडकलोच. ऑगस्ट आला की मोटरसायकल घेऊन मी तिथे असतो. मोजणी एका मैलाची. ताशी 150 मैलांनी गेलं तर तो मैल चोवीस सेकंदांत संपतो. बाकीचं वर्ष बेंचवर जातं.

लोक धाडसाबद्दल विचारतात. धाडस लागतं, पण त्याहून जास्त हवेचा हिशोब लागतो. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद पाहिजे. 1948 साली इथेच रॉली फ्री यांचे चामडी कपडे वाऱ्याने फाटले. त्यांनी ते उतरवले आणि नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर, व्हिन्सेंट मोटरसायकलवर पालथं पडून ताशी 150.313 मैल गाठले. तो फोटो पाहून लोक वेडेपणा म्हणतात. मला त्यात चोख कारागिरी दिसते.

हीच हवा इंजिनालाही लागते. मैदान समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांवर आहे; हवा विरळ, म्हणून कार्बोरेटरमध्ये इंधन सोडणारा जेट लहान घालायचा. एका वर्षी भर दुपारी पहिली धाव सुरेख झाली. विक्रम दोन धावांच्या सरासरीवर ठरतो आणि दुसरी धाव सकाळी होती. सकाळची हवा गार, दाट. जेट थोडा मोठा घालायला हवा होता. चांगलं चाललंय तर हात कशाला लावायचा, म्हणून मी तसाच निघालो. मोजणीचा मैल लागण्याआधीच पिस्टनला भोक पडलं. प्लग काढला तर त्यावर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे बारीक मणी. आबा असते तर एवढंच विचारलं असतं, "मोजलं का नाहीस?"

तो पिस्टन मी टाकला नाही. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचे बर्ट मन्रो फुटलेले पिस्टन फळीवर मांडून ठेवत, वेगाच्या देवाला वाहिलेले म्हणून. नवे ते स्वतः घरी ओतत. त्यांची 1920 ची इंडियन स्काउट मुळात ताशी 55 मैलांची गाडी. वर्षानुवर्षं तिच्यावर हात चालवून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 1967 साली त्यांनी याच मिठावर विक्रम केला. नोंद झाली ताशी 183.586 मैल.

सरासरी काढताना गणित चुकलं होतं. 2014 साली ते दुरुस्त झालं आणि आकडा 184.087 झाला. मन्रो 1978 सालीच गेले होते.